चोरीला गेलेला डगला ते थांबलेला भावफलक : इंग्लंडमधले सात दिवस

बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. इंग्लंड त्यात यायचं ते कंपनी सरकार म्हणून, नाहीतर औद्योगिक क्रांतीच्या पाच मार्कांच्या प्रश्नात. निवृत्त झाल्यावर मँचेस्टरची भाची मागेच लागली, "मावशी, तिकीट काढते, तू फक्त हो म्हण." मी हो म्हटलं, पण लंडनचे राजवाडे नकोत हे आधीच सांगितलं. मला लोक कसे राहत होते ते बघायचं होतं. सप्टेंबरचा दुसरा आठवडा ठरला. कापडाचा धागा या सगळ्यातून जाईल हे तेव्हा डोक्यातही नव्हतं. तो तिसऱ्या दिवशी हाती लागला.

दिवस पहिला : बाथ, रोमन काळ

बाथला उतरलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. गावातलं जवळजवळ प्रत्येक घर मधाच्या रंगाच्या एकाच दगडाचं. ओला झाला की हा दगड आणखी गडद दिसतो. सामान टाकून थेट रोमन स्नानगृहांकडे गेलो.

जमिनीतून इथे दिवसाला ११ लाख लिटरहून जास्त पाणी वर येतं, तेही ४६ अंश गरम. रोमन येण्याआधी इथले लोक सुलिस नावाच्या देवीला मानत. रोमनांनी तिला हटवलं नाही, आपल्या मिनर्व्हाशी तिची सांगड घातली आणि गावाचं नाव ठेवलं अक्वे सुलिस, म्हणजे सुलिसचं पाणी. लहानपणी चोपड्याजवळच्या उनपदेवच्या गरम कुंडावर आजीबरोबर जायचे, तिथलं वाफेत मिसळलेलं वातावरण इथे पहिल्याच पायरीला आठवलं. मोठ्या हौदाच्या तळाला रोमनांनी घातलेले शिशाचे पत्रे अजून तसेच आहेत. पाणी हिरवंगार दिसतं, कारण रोमनांच्या वेळी वर छत होतं आणि आता ऊन पडून शेवाळ धरतं. पाण्यात हात घालायला मनाई आहे.

मी थांबले ती शिशाच्या पातळ पट्ट्यांसमोर. तळहातात मावेल एवढी एकेक पट्टी. चोरी झाली की माणसं त्यावर टोकदार लेखणीने देवीला तक्रार कोरत, पट्टी गुंडाळत आणि पाण्यात टाकत. अशा सुमारे १३० पट्ट्या सापडल्या आहेत. डोसिलियानस नावाच्या माणसाचा टोपीवाला डगला कुणीतरी पळवला. तो लिहितो की चोर पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र, डगला देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू नये, मूलबाळ होऊ नये. दुसऱ्या एकाचे हातमोजे गेले, तर त्याने चोराचे डोळे आणि बुद्धी दोन्ही जावी असं मागितलं. या थंड, ओल्या देशात एक उबदार डगला म्हणजे केवढी मालमत्ता असेल! तेव्हा माझ्याच अंगात दोन स्वेटर होते.

शेजारच्या पंप रूममध्ये हेच पाणी प्यायला मिळतं. कोमट, आणि चव गंजलेल्या लोखंडासारखी. भाचीने एक घोट घेऊन पेला ठेवला, मी पूर्ण संपवला.

जाणाऱ्यांसाठी: तिकीट आधी वेळेसकट काढून ठेवा, शनिवार-रविवारी महाग असतं. ऐकायचं यंत्र तिकिटातच मिळतं. निदान तीन तास हाताशी ठेवा.

दिवस दुसरा : बाथ, अठरावं शतक

रोमन गेले, मधली हजार-तेराशे वर्षं गेली आणि हेच गरम पाणी पुन्हा गावाला श्रीमंत करून गेलं. अठराव्या शतकात अख्ख्या इंग्लंडचे धनिक इथे औषधी स्नानाला आणि लग्नं जमवायला येत. त्यांच्यासाठी धाकट्या जॉन वुडने १७६७ पासून पुढच्या आठेक वर्षांत रॉयल क्रेसेंट उभं केलं : चंद्रकोरीसारख्या वळणात एकसारखी ३० घरं. पुढून सगळं शिस्तीत. पण मागच्या गल्लीत जाऊन बघा, प्रत्येक घराची पाठ वेगळी, कुठे फुगलेली, कुठे दबलेली. ग्राहक दर्शनी भिंतीचा तुकडा विकत घेई आणि मागचं घर आपल्या पसंतीने बांधी. मला पाठच जास्त आवडली.

क्रेसेंटवर फार रेंगाळलो नाही, कारण मला न्यू किंग स्ट्रीटवरचं १९ नंबरचं घर बघायचं होतं. साधं, अरुंद, मजल्यावर मजला चढवलेलं. इथे विल्यम हर्शेल आणि त्यांची बहीण कॅरोलिन राहत. विल्यम पोटासाठी संगीत शिकवत, चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि रात्री स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून आकाश बघत. १३ मार्च १७८१ च्या रात्री या घराच्या परसबागेतून त्यांना युरेनस दिसला. दहा पावलांची बाग. मागे भिंत, भिंतीवर वेल.

तळघराशेजारी त्यांची भट्टी आहे. दुर्बिणीचा आरसा ओतण्यासाठी घोड्याच्या लिदीचा आणि मातीचा साचा केला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साचा फुटला, उकळता धातू फरशीवर सांडला आणि दगडी लाद्या तडकून उडाल्या. त्या तडकलेल्या लाद्या आजही तिथेच आहेत. मी वाकून एका भेगेवर बोट फिरवलं. आरशाला पॉलिश करताना विल्यम तासन्‌तास हात काढत नसत, तेव्हा कॅरोलिन त्यांना घास भरवत असे. पुढे तिने स्वतः धूमकेतू शोधले आणि १७८७ पासून तिला राजाकडून वर्षाला ५० पौंड पगार मिळू लागला. शास्त्रज्ञ म्हणून पगार घेणाऱ्या पहिल्या बायकांपैकी ती. शाळेत मुलींना हिच्याबद्दल सांगायचं राहून गेलं, याची रुखरुख मला तिथे लागली आणि अजून आहे.

दुपारी सॅली लन बन खाल्ला. आपल्या पावाच्या दुप्पट मोठा, हलका, वर दालचिनीचं लोणी. एकात दोघींचं भागतं.

दिवस तिसरा : सॉल्झबरी, १२१५

बाथहून तासाभराचा रेल्वेप्रवास. कॅथीड्रलचा कळस १२३ मीटर उंच, ब्रिटनमधला सगळ्यात उंच. मुख्य इमारत १२२० ते १२५८ एवढ्या ३८ वर्षांत बांधून झाली, म्हणून ती एकाच हातची वाटते. आत शिरताना मान आपोआप वर जाते.

पण यायचं कारण मॅग्ना कार्टा. जॉन राजाकडून सरदारांनी १५ जून १२१५ ला रनीमीडच्या कुरणात कबूल करून घेतलेली सनद. तिच्या त्या वर्षीच्या चारच प्रती उरल्या आहेत आणि त्यांतली एक इथे आहे. अंधारलेल्या तंबूवजा खोलीत काचेआड एकच चर्मपत्र. अक्षर इतकं बारीक आणि गच्च की ओळ कुठे संपते ते कळत नाही. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे, माणसं बघतात तरी.

स्वतंत्र माणसाला कायद्याशिवाय कैद करता येणार नाही, हे कलम मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे. तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी मला वेगळंच दाखवलं. नदीतले मासे धरायचे बांध काढावेत, दारू-धान्याची मापं सगळीकडे एक असावीत आणि रंगवलेल्या कापडाचा पन्हा काठापासून काठापर्यंत दोन एल (एल हे त्यांचं कापड मोजायचं जुनं माप) असावा! राजाच्या मनमानीला लगाम घालणाऱ्या सनदेत कापडाचा पन्हा! मी म्हटलं, आमच्याकडे अजूनही दुकानदाराला पहिला प्रश्न पन्हा किती हाच असतो. ते हसले आणि म्हणाले की सॉल्झबरी पुढे लोकरीच्या कापडावरच मोठं झालं.

तेव्हाच तो डगला, ते हातमोजे आठवले. पुढच्या प्रत्येक गावात कापड शोधायचं असं परतीच्या गाडीत मी भाचीला सांगून टाकलं.

एक गोष्ट मात्र वर्गात पुरेशी ठासून सांगितली नव्हती, ती इथे लिहिते. सनदेतला 'स्वतंत्र माणूस' म्हणजे सगळे नव्हेत. जमीनदाराच्या शेतावर बांधलेली कुळं त्यात येत नव्हती आणि तेव्हा तीच फार मोठ्या संख्येने होती. शिवाय पोपने ऑगस्टमध्येच ती सनद रद्द ठरवली. ती नंतर पुन्हा पुन्हा काढावी लागली, तेव्हा कुठे रुजली.

रेल्वेसाठी: दोघं कायम बरोबर असाल तर 'टू टुगेदर' रेलकार्ड काढा, भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. आमचे कार्डाचे पैसे दोन प्रवासांत सुटले.

दिवस चौथा आणि पाचवा : यॉर्क

चौथा दिवस बराचसा गाडीतच गेला. भाचीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. समोरच्या बाईंनी वास आवडल्याचं सांगितलं, त्यांना अर्धी दिली, त्यांनी आम्हाला आल्याचा केक दिला. संध्याकाळी यॉर्कला वारा असा की छत्री उलटी झाली. इथे छत्रीपेक्षा टोपी असलेला रेनकोट घ्या. रस्ते दगडी गोट्यांचे आहेत, पातळ तळाच्या चपला अजिबात नकोत.

मिन्स्टर, म्हणजे यॉर्कचं कॅथीड्रल, बघायला तिकीट आहे, पण सायंप्रार्थनेला बसायला पैसे लागत नाहीत. आम्ही तेच केलं. मुलांचे आवाज त्या छताखाली विरत जातात तेव्हा भाषा कळली नाही तरी चालतं. बाहेर सम्राट कॉन्स्टंटाइनचा पुतळा आहे. ३०६ साली सैन्याने त्याला इथेच सम्राट जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी जॉर्विक, व्हायकिंगांच्या वेळच्या यॉर्कचं संग्रहालय. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी हे गाव घेतलं आणि ९५४ मध्ये त्यांचा शेवटचा राजा एरिक ब्लडॅक्स हाकलला गेला. गावातल्या रस्त्यांच्या नावांना 'गेट' लागतं, ते त्यांच्या भाषेतल्या रस्त्यावरून आलं. आणि वेशीला इथे 'बार' म्हणतात. पहिल्या दिवशी आम्ही यातच चुकलो. कॉपरगेट म्हणजे लाकडी पेले करणाऱ्यांची आळी. तिथे १९७६ ते १९८१ मध्ये खोदकाम झालं. माती इतकी ओली आणि हवाबंद की लाकूड, चामडं, कापड, काही कुजलं नाही. सुमारे ४०,००० वस्तू निघाल्या.

मला हवा होता तो मोजा. लोकरीचा, दहाव्या शतकातला, एकाच सुईने गुंफून केलेला, घोट्याखाली थांबणारा. विणकामाच्या दोन सुया नव्हत्या तेव्हाची ही पद्धत. मी काचेला नाक लावून टाचेचं वळण बघितलं. टाच वळवणं हे कुठल्याही मोज्यातलं अवघड काम, आणि करणाऱ्या हाताने ते चोख केलं आहे. त्याच आळीत रेशमाची टोपीही सापडली. रेशीम इकडे होत नाही, ते पूर्वेकडून कित्येक हात बदलत आलेलं. हजार वर्षांपूर्वी यॉर्कच्या चिखलातल्या गल्लीत कुणीतरी रेशमी टोपी घालून हिंडत होतं!

तिथून मर्चंट ॲडव्हेंचरर्स हॉल. १३५७ मध्ये बांधायला घेतलेला, ओकच्या जाड वाशांचा. वर व्यापाऱ्यांचं दालन, खाली गरिबांसाठी दवाखाना आणि प्रार्थनागृह. हे लोक इंग्लिश लोकर आणि कापड समुद्रापार विकत. जमीन इतकी तिरकी झाली आहे की चालताना होडीत असल्यासारखं वाटतं. तिथल्या वयस्कर स्वयंसेविकेशी कापडाचा विषय काढला आणि त्या खुर्ची ओढून बसल्याच. सतराव्या शतकात लोकरीचा धंदा टिकावा म्हणून पार्लमेंटने कायदा केला की प्रेतसुद्धा इंग्लिश लोकरीच्याच कफनात पुरायचं. १६६६ मध्ये पहिला कायदा आला, पुढे तो कडक केला. घरच्यांनी शपथपत्र द्यायचं, नाहीतर ५ पौंड दंड. तो कायदा रद्द व्हायला १८१४ उजाडलं. मधल्या काळात, १७२१ मध्ये, जिवंत माणसांसाठीही कायदा आला, आपल्याकडच्या छापील चिटाच्या कापडाविरुद्ध. चीट इतकी खपत होती की विणकर रस्त्यावर उतरले आणि पार्लमेंटने ती वापरायलाच बंदी केली. "तुमचं कापड फार सुंदर होतं, हाच त्याचा गुन्हा," असं त्या म्हणाल्या. त्यांनी हे ज्या तऱ्हेने म्हटलं, माझे डोळे भरून आले.

संध्याकाळी क्लिफर्ड्स टॉवरच्या टेकाडावर गेलो. मार्च ११९० मध्ये जमावाच्या भीतीने यॉर्कचे ज्यू इथल्या तेव्हाच्या लाकडी गढीत शिरले. सुमारे १५० जण मेले, बऱ्याच जणांनी स्वतःच आपल्या माणसांचा जीव घेतला. नंतर जमावाने मिन्स्टरमध्ये ठेवलेली त्यांच्या कर्जाची कागदपत्रं जाळली. टेकाडाच्या पायथ्याशी फलक आहे. वर जाण्याआधी तो वाचा.

जेवायला: यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं, ती अंड्याची फुगलेली वाटी असते. अंडं चालत नसेल तर आधीच सांगा. दारूचा परवाना असलेल्या कुठल्याही हॉटेलात नळाचं पाणी मागितलं की फुकट द्यावंच लागतं. लाजू नका.

दिवस सहावा : स्टायल, क्वारी बँक गिरणी

मँचेस्टरच्या विमानतळापासून जवळच, बॉलिन नदीच्या घळीत ही सूतगिरणी. सॅम्युअल ग्रेगने १७८४ मध्ये ती पाण्याच्या जोरावर सुरू केली. बाहेरून बघाल तर झाडी, नदी, लाल विटा, फार सुंदर. कापूस मात्र यायचा गुलामांच्या मळ्यांतून, आणि ग्रेग कुटुंबाचा डॉमिनिका बेटावर स्वतःचाही मळा होता. तिथले फलक हे लपवत नाहीत.

पलीकडे टेकडीवर शिकाऊ मुलांचं घर आहे, १७९० मधलं. अनाथालयांतून, गरीबघरांतून आणलेली नव्वदेक मुलं इथे राहत. दोन-दोन मुलं एका अरुंद पलंगावर. सकाळी लापशी एवढी घट्ट की हातावर घेऊन कामाला जाता जाता खायची. दिवस बारा तासांचा. तुटलेला धागा जोडायचा, आणि यंत्र मागेपुढे होत असताना त्याच्या पोटाखाली सरपटत जाऊन पडलेला कापूस गोळा करायचा. १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना मनाई झाली. ही तारीख मी पाठ करून घ्यायचे. ते यंत्र चालू असताना त्याखालची जागा मी बघितली, वीतभर वर असेल. आता ती तारीख तशी शिकवता येणार नाही.

माग चालू करून दाखवतात. दोनच माग सुरू होते आणि शेजारी उभ्या भाचीचं बोलणं मला ऐकू येईना. शेकडो माग असत तेव्हा बायका ओठांच्या हालचालीवर बोलत. यंत्र दाखवणारे काका सत्तरी ओलांडलेले, पंधराव्या वर्षी बोल्टनच्या गिरणीत लागलेले. टेबलावर कापूस ठेवला होता. मी सवयीने चिमूटभर उचलला, दोन्ही चिमट्यांत धरून ओढला, तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा ओढला आणि अंगठ्यावर धाग्याची लांबी बघितली. अण्णा, माझे वडील, जिनिंगच्या दारात गाडी उभी राहिली की हेच करायचे.

काका मागाशेजारून माझ्याकडे आले. त्यांनी माग बंद केला, स्वतः एक चिमूट उचलली आणि तंतोतंत तसंच करून दाखवलं. तोच अंगठा, तसंच मानेला किंचित कलणं. मला विचारलं, तुम्ही गिरणीत होता का? मी म्हटलं, आम्ही पिकवतो. मग बोंड कसं फुटतं, सरकी कशी काढतात, वेचणी अजून हातानेच होते का, हे ते विचारत राहिले. आयुष्यभर कापूस हाताळला, पण झाडावरचा कधी बघितला नाही म्हणाले. फोनमध्ये आमच्या शेताचा फोटो होता. तो त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघितला.

शिकाऊ मुलांचं घर गटाने, ठरावीक वेळेलाच दाखवतात. आत गेल्यागेल्या आधी ती वेळ घेऊन ठेवा.

दिवस सातवा : मँचेस्टर

सकाळी पीटर्लूचं स्मारक. १६ ऑगस्ट १८१९ ला इथल्या मैदानात सुमारे ६०,००० माणसं मताचा हक्क मागायला जमली होती, कारण एवढ्या मोठ्या गावाला स्वतःचा एकही खासदार नव्हता. घोडेस्वार तलवारी घेऊन घुसले. १५ ते १८ जण मेले, शेकडो जखमी. गर्दीत हातमागावरचे विणकर पुष्कळ होते. स्मारक म्हणजे गोल पायऱ्यांची चढण, मेलेल्यांची आणि त्यांच्या गावांची नावं कोरलेली.

तिथून पाच-सात मिनिटांवर अब्राहम लिंकनचा पुतळा. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी पेटली, दक्षिणेचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, घरोघरी उपासमार झाली. तरीही १८६२ च्या शेवटच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन लिंकनला पत्र पाठवलं की गुलामगिरीविरुद्ध आम्ही तुमच्या बाजूला आहोत. जानेवारीत त्याने उत्तर लिहिलं, त्यातला मजकूर चौथऱ्यावर आहे. लँकेशायरमधले सगळेच असे नव्हते. पण ज्यांची चूल त्या कापसावर पेटत होती त्यांनी हे लिहावं, यासाठी मी तिथे हात जोडले.

तूट भरून काढायला कापूस गेला आपला. मुंबई बंदरातून जाणाऱ्या आखूड धाग्याच्या मालाला इथे सरसकट 'सुरत' म्हणत. तो यंत्रावर सारखा तुटे, विणकर वैतागत. देवा, कापूस पाठव, पण सुरत नको, अशी प्रार्थना करत असं सांगतात. तिकडे मुंबईत पैशाचा पूर आला होता. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतला राजाबाई टॉवर त्याच पिढीच्या पैशाचा. खानदेश-वऱ्हाडात रेल्वे पोचली ती याच गाठींसाठी. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. चढत्या भावात मोकळ्या हाताने मिळालेलं कर्ज आता वसूल होऊ लागलं, त्यात साराही वाढला होता. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. हे दोन धडे मी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या इयत्तांत शिकवले. तो एकच धडा आहे.

शेवटी रॉयल एक्स्चेंज, कापसाच्या सौद्यांचा बाजार. प्रचंड घुमट, गुलाबी खांब, मध्ये आता काचेचं नाट्यगृह बसवलं आहे. दिवसा आत जाऊन नुसतं बसता येतं, आम्ही चहा घेतला. वर भिंतीवर भावफलक आहे. १९६८ मध्ये सौदे कायमचे थांबले आणि शेवटच्या दिवसाचे आकडे तसेच राहिले.

फलकाखाली उभी राहून मी धाकट्या भावाला फोन लावला. गावाकडे संध्याकाळ होत आली होती. पावसाने खालची बोंडं सडली, वेचणी दसऱ्यापर्यंत लांबणार म्हणाला. कुठे आहेस विचारल्यावर मी सांगितलं, मँचेस्टरच्या कापूस बाजारात.

"तठे कापूसना भाव काय शे?"

मी एकेक आकडा वाचून दाखवला, आणि हा १९६८ चा आहे म्हटलं. तो थोडा थांबला.

"अडुसष्ट? त्याच साली अण्णांनी विहीर बांधली. कापसाच्या पैशावर."